बारा मैलांचा डोस

गुलाबराव कंपाउंडरांना मी आयुष्यात एकदाही धावताना पाहिलं नाही. चालताना पाहिलं, तेही सायकल पंक्चर असेल तेव्हाच. दवाखान्यापासून त्यांचं घर साठ पावलांवर. तेवढ्यासाठीही ते पँटला क्लिपा लावत, सायकलवर टांग मारत आणि नीट बसायच्या आत उतरत. देह अडीच मणांचा. अशा माणसानं आमच्या गावातल्या सहा जणांना बारा मैल धावायला शिकवलं. त्या सहांतला एक मी. आता कुणाला सांगितलं तर हसतात. हसू द्या. मी खोटं बोलत नाही, आणि या वयात बोलून मला मिळणार काय आहे?

आमचं गाव सोनाळ्यापासून सहा मैलांवर, सातपुड्याच्या अंगाला. महाराष्ट्र नवाच झाला होता. आधी लोक नागपूरच्या नावानं बोटं मोडायचे, आता मुंबईच्या नावानं मोडू लागले होते, एवढाच फरक. मी शाळेत मास्तर होतो. शाळा आणि दवाखाना एकाच कुंपणात, मधे एक कडुनिंब. त्यामुळे गुलाबरावांचा सगळा कारभार मला वर्गाच्या खिडकीतून दिसायचा, आणि न बघून चालायचं नाही, कारण पोरंही तेच बघत असायची.

डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी यायचे. त्या दोन दिवशी गुलाबराव नुसते 'कंपाउंडर' असत. उरलेले पाच दिवस 'डाक्टर साहेब'. बुधवारी जो पाया पडून औषध न्यायचा तोच गुरुवारी 'ओ कंपाउंडर, बाटली भरा लवकर' म्हणायचा. मला त्या माणसाच्या कानाखाली द्यावीशी वाटायची. गुलाबराव मात्र शांतपणे म्हणायचे, "जीभ दाखव." जीभ ते सगळ्यांचीच बघायचे. उसनं मीठ मागायला आलेल्या बाईची, टपाल घेऊन आलेल्या माणसाची, शाळा तपासायला आलेल्या साहेबाचीसुद्धा. आणि गंमत अशी की सगळे दाखवायचे. साहेबांनी तर दोनदा दाखवली.

औषधं दोनच, एक लाल आणि एक पांढरं. लाल पोटाचं, पांढरं बाकी सगळ्याचं. बाटली रोग्यानं घरून आणायची. गुलाबराव ती भरत, बाजूला कागदाची पट्टी चिकटवत आणि पट्टीला कात्रीनं खाचा पाडत. एक खाच म्हणजे एक डोस. मग ठरलेली सूचना यायची, "दिवसातून तीन टाइम. जेवणानंतर. हालवून घेजो." कुणी विचारलं, बरं वाटेल का, तर उत्तर, "तीन दिवस पाहू." पाऊस येईल का? तीन दिवस पाहू. माझ्या बदलीचं काय होईल? तीन दिवस पाहू. या उत्तरानं माझं डोकं फिरायचं, पण चौथ्या दिवशी मी पुन्हा जाऊन तेच विचारायचो, हेही खरं.

या माणसाला धावण्याचं खूळ कुठून लागलं, ते सांगतो. त्यात हसण्यासारखं काही नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दवाखान्याला खोली एकच, तिच्यात औषधं आणि डॉक्टरांची खुर्ची. बाळंतीण आली तर व्हरांड्यात बाज टाकायची आणि दोरीवर दोन धोतरांचा पडदा. पडद्याच्या अलीकडे तिच्या घरची माणसं, दुसरे रोगी, गाडीवाले, सगळे विड्या ओढत बसलेले. त्या साली भाद्रपदात बापूरावांच्या सुनेला आणलं. बापूराव म्हणजे गावातलं मोठं घर, वय पंचावन्न, मान मोठा. दिवस बुधवार, म्हणजे डॉक्टर नाहीत. पडद्याआड सून आणि म्हातारी दाई, पडद्याच्या अलीकडे तीन हातांवर सासरा आणि त्यांची दोस्त मंडळी. सासऱ्यासमोर कधी तोंड वर करून न बोललेली पोर. ती ओरडली नाही. दाईला वाटलं, शांत आहे, अजून वेळ आहे. भर दुपारी ती गेली आणि मूलही गेलं.

आठवड्यानंतर गुलाबराव बाटली धुता धुता मला म्हणाले, "मास्तर, पोरीनं पदर तोंडात कोंबला होता. आमाले समजलंच नाई. एकदा जरी ओरडली असती तं मी पडदा सारून आत गेलो असतो. नोकरी गेली असती तं गेली असती." मला तिथंच रडू आलं. मी ते लपवलं नाही, आणि त्यांनी माझी जीभ बघितली नाही.

त्या दिवसापासून त्यांनी एकच धरलं. "खोली पायजे मास्तर. दाराची. दाराले आतून कडी पायजे." गावानं श्रमदान केलं, भिंती उठल्या, दारही लागलं. वर मात्र आभाळ. पत्र्यांना पैसा नव्हता. खोली पुरी झाली तर तालुक्याहून नर्सबाई मिळणार होत्या, न झाली तर नाही. आणि गुलाबरावांची एकुलती एक लेक शांता, लोणारकडं दिलेली, तिला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. चैत्रात ती मोकळी होणार होती. म्हणजे चैत्राच्या आत पत्रे चढले तर खोली, नाहीतर तोच व्हरांडा, तीच बाज आणि तीच दोन धोतरं. गुलाबराव हे कुणाला बोलून दाखवत नसत. पण पडद्याच्या दोरीकडं बघितलं की त्यांचा चेहरा उतरायचा.

पुड्या बांधायला ते रद्दी वापरत. एक दिवस रद्दीच्या एका चिठोऱ्यावर त्यांना बातमी दिसली, की कुठल्याशा मोठ्या शहरात माणसं धर्मादाय कामासाठी लांबवर धावली आणि लोकांनी मैलामागं देणगी दिली. पुढं नियम दिले होते, पण कागद नेमका तिथंच फाटला होता. उरलेला अर्धा कुणाच्या तरी खोकल्याची पुडी होऊन गेला होता. कोणी धावायचं, किती वेळात धावायचं, जिंकायचं म्हणजे काय, काही पत्ता नाही. दुसरा माणूस असता तर त्यानं नाद सोडला असता. गुलाबराव म्हणाले, "उरलेलं आपन भरू."

पारावर सभा भरली. गुलाबरावांनी मांडणी केली, की सहा जण सोनाळ्यापर्यंत जाऊन परत येणार, एकूण बारा मैल, आणि ज्याला द्यायचं त्यानं मैलामागं पैशाची नाहीतर ज्वारीची बोली लावावी. रास झाल्यावर द्यायची. आबासाहेब म्हणजे गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. ते मिशीतल्या मिशीत हसले. "कोन धावते बे बारा मैल? लिहा माह्यं. एका मानसामागं, मैलाले दोन पायल्या." त्यांनी म्हटलं म्हणून बाकीच्यांनीही म्हटलं. ओढ्याच्या पुढं कुणी जात नाही, अशी सगळ्यांची खात्री होती, आणि खात्री असली की माणूस उदार होतो. गुलाबरावांनी रात्री मला हिशोब सांगितला. सहाही जण बाराही मैल पुरे करतील, तरच पत्रे येतात. एक जरी गळाला तरी एक कोपरा उघडा राहतो.

सहा जण जमले ते असे. एक मी, कारण मला नाही म्हणता आलं नाही. दुसरा शामराव, गावचा जावई, सासऱ्याची शेती बघायला इथंच राहिलेला. हरणासारखा पळायचा, पण स्वभावानं भिडस्त. तिघं चुलतभाऊ होते, त्यांची नावं मला माहीत होती पण मी ती कधी नीट लावली नाहीत, कारण तिघं एकत्रच यायचे, एकत्रच बोलायचे आणि एकत्रच दमायचे. आणि सहावे बापूराव. ते आपणहून आले. पंचावन्न वर्षांचे, गुडघे दुखणारे, चालताना धोतराचा सोगा हातात धरणारे. तिघं भाऊ एकमेकांकडं बघून हसले. गुलाबरावांनी बापूरावांकडं बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता जीभ दाखवायला सांगतात. पण ते एवढंच म्हणाले, "या."

सोमवारपासून तालीम. दवाखान्याच्या फळीवर एक रिकामी बाटली ठेवली, तिला पट्टी, पट्टीला बारा खाचा. जितके मैल होतील तितकं लाल औषध तीत भरायचं. आणि डोस काय? "दिवसातून तीन टाइम. जेवणानंतर. हालवून."

मी म्हणालो, "गुलाबराव, जेवल्यावर कोण धावतं?"

"मास्तर, उपाशीपोटी देल्लं तं जळजळते."

"अहो, ते औषधाचं झालं."

"मंग हे काय हाये?"

सकाळी न्याहारी करून धावलो, दुपारी भाकरी-पिठलं खाऊन धावलो, संध्याकाळी खिचडी खाऊन धावलो. ओढ्यापर्यंत पोचलो की सहाच्या सहा काठावर ओळीनं बसायचो. पुढचं सांगत नाही, तुम्ही जेवून बसला असाल. 'हालवून' म्हणजे धावायच्या आधी जागच्या जागी वीस उड्या. का, तर तळाशी बसलेलं वर येतं. ते वर यायचंच, त्यात शंका नको. माझ्या वर्गातली पोरं खिडकीला लोंबकळून बघायची आणि मला दुसऱ्या दिवशी त्यांनाच शिस्त शिकवायची असायची. चौथ्या दिवशी गुलाबरावांनी सगळ्यांच्या जिभा बघितल्या आणि जाहीर केलं, "तीन दिवस पाह्यलं. आता जेवनाआधी." चूक झाली, असं काही म्हणाले नाहीत. औषध बदलताना डॉक्टर तरी कुठं म्हणतात?

मग खरी अडचण सुरू झाली, ती पायांची नव्हती, मानापानाची होती. बापूराव सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत मोठे. त्यांच्या पुढं जायचं कसं? तिघं भाऊ नात्यानं त्यांचे पुतणे. जवळ आले की थांबायचे, वाकायचे, पायाला हात लावायचे आणि म्हणायचे, "काका, जाऊ का समोर?" त्यासाठी काकांनाही थांबावं लागायचं. "जा बापा, जा." एक जाईस्तोवर दुसरा वाकलेला असायचा. फर्लांगभरात बापूरावांचा तीनदा नमस्कार व्हायचा. शामरावाचं तर विचारूच नका. तो वयानं लहान, पण गावचा जावई. बापूराव जावयाच्या पुढं जाईनात, शामराव वडीलधाऱ्यांच्या पुढं जाईना.

"तुमी चला जावईबापू."

"नाई मामा, तुमी."

"असं कसं, तुमी समोर."

एका सकाळी ही दोघं सोनाळ्याच्या रस्त्यावर घटकाभर अशी उभी होती, आणि त्यांच्यामागं आम्ही चौघं, आणि आमच्यामागं एक कापसाची गाडी. गाडीवानाला वाटलं रस्ता खचला. तो उतरून बघायला आला.

गुलाबराव सायकल टेकवून विचार करत राहिले. आधी त्यांनी नमस्काराचा डोस सकाळीच घेऊन टाकायचा उपाय काढला. सुरुवातीलाच सगळ्यांनी पाया पडायचं, तो दिवसभर पुरायचा. पण पुढं गेल्यावर पुतण्यांना राहवेना, ते मागं वळून माफी मागायचे आणि धडपडायचे. शेवटी गुलाबराव म्हणाले, "सगळ्यात अशक्त रोग्याच्या हिशोबानं डोस द्याचा. बापूराव समोर. बाकी मांगून."

मी भडकलो. "मग ही शर्यत कसली? बापूराव चालतात त्याला धावणं म्हणायचं तर बैलगाडीला आगगाडी म्हणावं लागेल."

"शर्यत कोनाशी हाये मास्तर?"

"म्हणजे?"

"कागदावर काई लिहेल नव्हतं. तथीच फाटला होता."

तेव्हापासून आम्ही वयाच्या आणि नात्याच्या क्रमानं धावू लागलो. जावई दोन नंबरवर, हे पंचांनी ठरवून दिलं. पुढं बापूराव उडत्या चालीनं, हातात सोगा, आणि मागं आम्ही पाच जण त्यांच्या टाचांकडं बघत. सगळ्यांत मागं सायकलवर गुलाबराव, धापा टाकत. सगळ्यांत जास्त दम त्यांनाच लागायचा. फळीवरची बाटली मात्र भरत चालली. तीन मैल, पाच मैल, आठ मैल. गावात कुजबूज वाढली. ज्यांनी बोली लावल्या होत्या ते बाटली बघायला दवाखान्यात येऊ लागले आणि चेहरा पाडून परत जाऊ लागले. आबासाहेबांना तर पोटदुखी सुरू झाली. त्यांनी लाल औषध नेलं आणि जाताना फळीकडं बघून विचारलं, "किती झाले?" गुलाबराव म्हणाले, "जीभ दाखवा."

दिवस हुरड्याचे होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी, कणसं दुधात आलेली. आणि आमच्या भागात हुरड्याच्या दिवसांत कुणाच्या वावरावरून जाणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. आगटी पेटलेली असते, माणूस हाक मारतो, तुम्हाला बसावंच लागतं. नाही म्हणणं म्हणजे भांडण काढणं, आणि एकदा बसलेला माणूस दुपार कलल्याशिवाय उठत नाही. आबासाहेबांनी ते बरोबर हेरलं. शर्यतीच्या दिवशी त्यांच्या वावरात हुरडा ठेवल्याचा निरोप आला, मग बाकीच्यांचेही आले. वर सगळं प्रेमाचं, कुणी काही बोलायची सोय नाही.

गुलाबरावांनी मग 'नाही' म्हणायची तालीम सुरू केली. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दवाखान्यात भजी तळायची आणि आम्हा एकेकाला आग्रह करायचा. पहिला नकार रीतीचा, दुसराही रीतीचा, तिसऱ्यांदा ताट ओढून घ्यायचं, ही सगळ्यांची सवय. गुलाबराव म्हणाले, चौथ्यांदाही नाही म्हणायचं. तिघं भाऊ पहिल्यालाच गळाले. शामराव चौथ्यापर्यंत टिकला आणि मग म्हणाला, "तुमाले वाईट वाटत असन तं एक घेतो." मी मास्तर माणूस, मी नेटानं नाही म्हटलं आणि घरी जाताना खिशात चार भजी होती, ती कोणी टाकली मला माहीत नाही. मग गुलाबरावांनी सगळ्यांना पथ्याच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या, 'हुरडा वर्ज्य'. पथ्यापुढं आग्रह चालत नाही असा त्यांचा हिशोब. आबासाहेबांच्या माणसानं चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "बरं झालं सांगतलं. मंग तुमच्यासाठी दह्याची सोय वेगळी करतो." गुलाबरावांनी हात टेकले.

बापूरावांची तालीम मात्र त्यांनी घेतली नाही. वहिनी ताट घेऊन त्यांच्याकडं वळल्या तेव्हा गुलाबरावांनी मान हलवून नको म्हटलं. आणि बापूराव तर गावातले नंबर एकचे हुरडाखाऊ. मला वाटलं, इथंच पत्रे गेले.

रविवारी उजाडता उजाडता निघालो. मारुतीला नारळ, बापूरावांना नमस्कार, वीस उड्या. जाताना वाट मोकळी होती, आगट्या पेटायच्या होत्या. सोनाळ्याच्या वेशीला हात लावून परत फिरलो, तेव्हा ऊन वर आलं होतं आणि ज्वारीच्या मधून जागोजागी धूर निघत होता. पहिल्या वावरात हाक आली. बापूराव थांबले नाहीत, म्हणून आम्हीही थांबलो नाही. दुसऱ्या वावरात शामरावाचे सासरेच हात जोडून रस्त्यावर उभे. सासऱ्यानं जावयापुढं हात जोडायचे आणि जावयानं पुढं निघून जायचं? शामरावाचे पाय अडखळले. पण पुढं बापूराव चालले होते, त्यांच्या मागं राहणं भाग होतं. शामराव उलटा धावत, सासऱ्यांना हात जोडत जोडत, दहा पावलं गेला. नंतर सरळ झाला.

गाव दोन मैलांवर राहिलं तेव्हा आबासाहेबांचं वावर आलं. रस्त्याच्या कडेला सतरंज्या टाकलेल्या. गरम हुरड्याचे ढीग, लसणाची चटणी, गूळ, दह्याची गाडगी. वास असा की माझे पाय माझे राहिले नाहीत. दहा मैल झाले होते, पोटात सकाळपासून काही नव्हतं. तिघं भाऊ सरळ जाऊन सतरंजीवर बसले. शामराव त्यांच्या बाजूला टेकला. आणि मी? खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडात पहिला घास होता. मागं गुलाबराव सायकलवरून उतरून उभे राहिले. शिट्टी वाजवली नाही, ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा मी बघितला आणि नजर खाली घातली. पण घास तोंडात होता.

आबासाहेब रस्त्यावर येऊन म्हणाले, "बापूराव, या. दोन दाने तोंडात टाका, मंग जा."

बापूराव चालतच होते. एक पाय ओढत, सोगा हातात.

"काऊन हो? दोस्ताले नाई म्हनता?"

बापूराव वळले नाहीत. पुढं बघूनच म्हणाले, "एकदा बसलो होतो आबासाहेब. तुमीबी होते. आता नाई बसत."

भाद्रपदातल्या त्या दुपारी व्हरांड्यात विड्या ओढत बसलेल्यांत आबासाहेब होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या हातातलं दह्याचं गाडगं तसंच राहिलं. आणि आम्ही? मोठा माणूस उभा असताना धाकट्यांनी बसायचं नाही, तो जेवल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हे आम्हाला जन्मापासून शिकवलेलं. ज्या रितीनं दोन महिने आमचा जीव नकोसा केला होता तिनंच आम्हाला सतरंजीवरून उठवलं. तिघं भाऊ एकदम उठले. शामराव उठला. मी तोंडातला घास गिळला, मला त्याची आजही लाज वाटते, आणि पळत सुटलो. बापूरावांच्या मागं आपापल्या क्रमानं आम्ही पुन्हा लागलो. गुलाबराव सायकलवर बसायला विसरले. ती हातात धरून चालत राहिले, पार गावापर्यंत.

आम्ही सहाही जण दुपारी पोचलो. बापूराव बिनछपराच्या खोलीच्या पायरीवर बसले. गुलाबरावांनी त्यांची नाडी बघायला मनगट धरलं. नाडी बघायला किती वेळ लागतो? पण गुलाबरावांनी मनगट सोडलं नाही. दोघंही दुसरीकडं बघत बसले.

ज्वारी सगळ्यात आधी आबासाहेबांची आली. कुणी मागायला गेलं नव्हतं. माघात पत्रे चढले, फाल्गुनात नर्सबाई आल्या. दोरीवरची धोतरं गुलाबरावांनी काढून बाटल्या पुसायला घेतली.

पुढं उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या गावी गेलो आणि तेवढ्यात त्यांची बदली झाली. निरोप घ्यायचा राहिला, ते मला फार लागलं. नंतर भेट झाली नाही. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर येतात ते चैत्रातल्या एका सकाळचे गुलाबराव.

वर्गात पाढे चालले होते. सतराचा पाढा अर्ध्यात होता आणि दवाखान्याच्या बाजूनं किंकाळी आली. अशी, की पोरं गप्प झाली आणि निंबावरचे कावळे उडाले. मग दुसरी. मग शांता आपल्या नवऱ्याच्या नावानं, सासूच्या नावानं आणि अखेर खुद्द बापाच्या नावानं जे बोलू लागली ते मी इथं लिहीत नाही. सगळ्या गावाला ऐकू जात होतं. मी बाहेर आलो. नव्या खोलीचं दार बंद होतं, आतून कडी. पलीकडं बापूराव काठी घेऊन रस्त्यात उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांना लांबून जायला सांगत होते. तरी एक वयस्कर गृहस्थ आलेच. तोंड वाकडं करून गुलाबरावांना म्हणाले, "कंपाउंडर, पोरीले म्हना जरा हळू. चार मानसं ऐकून राह्यले."

"मानसायले म्हना दूर जा," गुलाबराव म्हणाले. "थे हळू नाई ओरडनार."

निंबाखाली स्टुलावर ते बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं आणि प्रत्येक किंकाळीला मान हलत होती. मला वाटलं, माणूस धसकलाय. मी जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "गुलाबराव, घाबरू नका. सगळं ठीक होईल."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"घाबरून नाई राह्यलो मास्तर," ते म्हणाले. "ऐकून राह्यलो."

मी वर्गात परत गेलो आणि पोरांना सांगितलं, आज पाढे मनातल्या मनात म्हणा.